इंडी गेम सुचवताना: आधी खेळणारा ओळखा, मग गेमचं नाव घ्या

"एखादा चांगला इंडी गेम सांग ना," असं कोणी म्हटलं की बहुतेकांच्या तोंडून आधी स्वतःच्या लाडक्या गेमचं नाव निघतं. चूक तिथेच होते. गेम उत्तम असतो, पण विचारणाऱ्याला दिवसाकाठी वीस मिनिटं मिळत असतात आणि गेमला हव्या असतात सलग दोन तासांच्या बैठका. तिसऱ्या दिवशी तो बंद पडतो आणि "हे गेम आपल्यासाठी नाहीत" असा ग्रह मात्र कायमचा होऊन बसतो.

इंडी गेम म्हणजे मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय, एका माणसाने किंवा लहानशा चमूने बनवलेला गेम. 'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) हा शेतीचा गेम एरिक बॅरोन याने चारेक वर्षं खपून एकट्याने उभा केला. चित्रं, संगीत, प्रोग्रामिंग सगळं त्याचंच. असे गेम बहुधा एखाद्या वेगळ्या कल्पनेभोवती फिरतात आणि तीच त्यांची ताकद असते. मोठे गेम पहिला तासभर खेळणाऱ्याला बोट धरून चालवतात. लहान गेममध्ये ती सोय दर वेळी नसते, आणि ते बोट सुचवणाऱ्याने धरायचं असतं. म्हणून नावाबरोबर पहिल्या तासात कुठे अडेल, हेही सांगायला हवं.

पहिली पायरी: तीन प्रश्न

एक, एका बैठकीला किती वेळ मिळतो? दहा मिनिटं, अर्धा तास की अख्खी संध्याकाळ?

दोन, कशावर खेळणार? फोन, लॅपटॉप, टीव्हीला जोडलेला कन्सोल की हातात धरायचा? कंट्रोलर आधी कधी वापरलाय का? दोन काड्या एकाच वेळी फिरवून चालणं आणि बघणं ज्याने कधी केलेलं नाही, त्याच्यासाठी तोच एक वेगळा गेम असतो.

तीन, शेवटी पूर्ण केलेला गेम कोणता, अर्धवट सोडलेला कोणता आणि तो का सोडला? या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर सगळ्यात जास्त विसंबा. "कुठे जायचं तेच कळेना" म्हणणाऱ्याला मोकळ्या जगाचा गेम देऊ नका. "त्याच त्या लढाया" हे कारण असेल तर लेव्हल वाढवण्यासाठी घासत बसावं लागणारे गेम बाद. "बोटं तेवढी चालत नाहीत" असेल तर टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाल करायचे) किंवा वेळेचं बंधन नसलेले गेम बघा.

"तुला कोणता प्रकार आवडतो?" हे विचारू नका. "आरपीजी" (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायचा) म्हणताना एकाला कथा अभिप्रेत असते, दुसऱ्याला तलवारीचे आकडे, तिसऱ्याला नुसतं नकाशाभर भटकणं.

दुसरी पायरी: निवांत खेळणाऱ्यासाठी निवड

इथे सर्रास होणारी गफलत म्हणजे कॅज्युअल आणि सोपा हे एकच समजणं. निवांत खेळणाऱ्याला अवघडपणाचं वावडं नसतं. त्याला मधेच उठता आलं पाहिजे, चार दिवसांनी परत आल्यावर काय चाललं होतं ते आठवलं पाहिजे आणि चुकीची शिक्षा जबर नको. या तीन कसोट्या लावल्या की गोंडस दिसणारे कितीतरी गेम गळतात. मेट्रोचे मार्ग आखायच्या 'मिनी मेट्रो'चंच घ्या. रंगीत रेघा, मंद आवाज, पण स्टेशनांवर गर्दी साचायला लागली की जीव वरखाली होतो. शांतता हवी असेल त्याला त्यातला एंडलेस मोड दाखवा. तिथे गर्दीमुळे गेम संपत नाही.

अगदी नवख्यासाठी 'अनपॅकिंग' (२०२१) ही सुरक्षित निवड आहे. खोकी उघडायची आणि सामान घरात लावायचं. घड्याळ नाही, हार नाही, माउस पुरतो आणि साधारण चार तासांत संपतो. अडचण एकच: सगळं लावून झाल्यावर काही वस्तूंभोवती लाल कडा दिसते, म्हणजे ती जागा गेमला मान्य नाही. काहींना हे कोडं आवडतं, काही वैतागतात. वैतागणाऱ्याला सेटिंगमध्ये वस्तू कुठेही ठेवू देणारा पर्याय आहे, तो आधीच सांगून ठेवा. या सामानातून एका आयुष्याची गोष्ट उलगडते. ती मात्र सांगू नका.

कंट्रोलरची सवय लावायची असेल तर 'अ शॉर्ट हाइक' (२०१९). एक पक्षी, एक डोंगर, दीड-दोन तास. सोनेरी पिसं जमतील तसं जास्त उंच चढता येतं. पडलं तरी मरण नाही, तरंगत खाली यायचं. शिखराकडे घाईने निघालेला माणूस पिसं कमी पडल्यामुळे अडतो, तेव्हा "आधी खालीच भटक, भेटेल त्याच्याशी बोल" एवढं सांगितलं की पुरे.

'डॉर्फरोमँटिक' (२०२२) षटकोनी तुकडे जोडून गावं, रानं आणि नद्या तयार करण्याचा आहे. तुकड्यांचा ढीग संपला की डाव संपतो आणि तुकड्यांवर मागितलेली कामं पुरी केली की ढीग वाढतो. नवखे सुरुवातीला कामांकडे लक्ष न देता नुसती सुंदर रचना करत राहतात आणि डाव लवकर आटोपतो. ज्याला नुसती रचनाच करायची आहे त्याच्यासाठी क्रिएटिव्ह मोड आहे.

आता 'स्टारड्यू व्हॅली'. सगळ्यात जास्त सुचवला जाणारा आणि त्यामुळे सगळ्यात जास्त चुकीच्या ठिकाणी पोचणारा. गेममधला एक दिवस सुमारे चौदा मिनिटांचा असतो. कॉम्प्युटरवर आणि कन्सोलवर गेम सेव्ह होतो तो पात्र झोपल्यावरच. म्हणजे दहा मिनिटं मिळणाऱ्याचं काम दर वेळी वाया जाणार. अर्धा तास मिळणाऱ्याला मात्र तो छान बसतो: दोन दिवस खेळावेत, झोपावं, उठावं. देताना चार गोष्टी सांगा. पहिल्याच दिवशी सगळं शेत साफ करायला जाऊ नका, एनर्जी संपते आणि हाती काही लागत नाही. रात्री दोनच्या आत अंथरुणात हवं, नाहीतर पात्र जागीच कोसळतं आणि पैसे कापले जातात. एकट्याने खेळताना मेनू उघडला की घड्याळ थांबतं, तेव्हा विचार करायचा तर तिथे करावा. चौथी गोष्ट मासेमारीची; पहिल्या आठवड्यात गेम सोडणाऱ्यांपैकी बरेच इथे हरतात. विली नावाच्या कोळ्याच्या दुकानात २५ सोन्याच्या नाण्यांना ट्रेनिंग रॉड (शिकाऊ गळ) मिळतो. त्याने साधेच मासे लागतात, पण पकडायची पट्टी मोठी होते आणि हात बसतो. आणि मासे अजिबात पकडले नाहीत तरी शेती मस्त चालते.

'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स'मध्ये (२०२२) फक्त फिरायचं असतं, हल्ले आपोआप होतात, आणि नेहमीचा डाव तीस मिनिटांवर थांबतो. पडद्यावर झगमगाट फार, म्हणून डोळे दुखणाऱ्यांना चमक बंद करण्याची सेटिंग आधी दाखवा. 'बलाट्रो' (२०२४) पत्त्यांचा आहे. पोकर येत नसलं तरी चालतं, कारण हातांची (पत्त्यांच्या जुळण्यांची) यादी गेममध्येच सापडते, आणि डाव अर्धवट सोडला तरी तिथूनच पुढे सुरू होतो.

तिसरी पायरी: आरपीजीवाल्याला नेमकं काय हवंय

कथा आणि निवडी हव्या असतील तर 'डिस्को एलिझियम' (२०१९) यासारखा दुसरा नाही, पण तो सगळ्यांना द्यायचा नाही. यात नेहमीच्या लढाया नाहीत. वाचन आहे, भरपूर वाचन. चार मूळ गुण, त्यांखाली २४ कौशल्यं, आणि प्रत्येक कौशल्य डोक्यात बोलणारा एक आवाज. प्रयत्न यशस्वी झाला की नाही, ते दोन फाशांवर ठरतं. पांढऱ्या खुणेचा प्रयत्न फसला तर ते कौशल्य वाढवून पुन्हा करता येतो, लाल खुणेचा एकदाच. नवीन माणूस फसलं की मागचा सेव्ह उघडतो आणि इथे गेमचा गाभाच हातून निसटतो, कारण फसल्यावर उघडणारे प्रसंग यशाइतकेच दमदार लिहिलेले आहेत. हे ठासून सांगा. दुसरी सूचना पात्र बनवतानाची: एन्ड्युरन्सवर (सहनशक्ती) तब्येत ठरते आणि व्होलिशनवर (इच्छाशक्ती) मनोधैर्य. एन्ड्युरन्स अगदी तळाला ठेवलं तर पहिल्याच खोलीत, दिवा लावण्यासारख्या क्षुल्लक गोष्टीने गेम संपू शकतो. ही तिथली मुद्दाम ठेवलेली गंमत आहे, पण अनोळखी माणसाला ती बिघाड वाटते. आणखी एक: दारूचं व्यसन, गळफास लावलेलं प्रेत, निराशा, हे सगळं सुरुवातीपासून आहे. कोणाला देताय ते बघून द्या.

जुन्या सोळा-बिट जपानी आरपीजींवर जीव असलेल्याला 'चेन्ड एकोज' (२०२२). मथियस लिंडा याने बहुतांश एकट्याने केलेला आणि तरी तीस-चाळीस तास पुरणारा. शत्रू नकाशावर दिसतात, अचानक अंगावर येत नाहीत. प्रत्येक लढाईनंतर तब्येत पूर्ण भरते, त्यामुळे औषधांचा साठा करायची सवय सोडायला सांगा. अडतं ते लढाईत वर दिसणाऱ्या ओव्हरड्राइव्हच्या पट्टीवर; चालींबरोबर तिच्यावरची खूण सरकते. खूण हिरव्या भागात असेल तर आपण जास्त इजा करतो आणि कमी मार खातो, लाल भागात गेली की जास्त मार खावा लागतो. एकच जोरदार हल्ला पुन्हा पुन्हा वापरणारा लालमध्ये अडकतो. पट्टीवर ज्या प्रकारच्या चालीचं चिन्ह दिसतं, ती केली की खूण मागे येते. पहिले दोन तास हे जमत नाही, मग लढाईला ताल येतो.

याच घराण्यातला 'सी ऑफ स्टार्स' (२०२३) दिसायला देखणा आणि तुलनेने सौम्य. हल्ल्याच्या नेमक्या क्षणी बटण दाबलं की जास्त इजा होते. वेळ साधत नसेल त्याला रेलिक नावाच्या वस्तू चालू करून लढाया सोप्या करता येतात.

'अंडरटेल' (२०१५) सहा-सात तासांत संपतो. त्यात कोणालाही न मारता शेवटाला पोचता येतं. लढाई टर्न-बेस्ड वाटते, पण शत्रूची पाळी आली की चौकटीतलं छोटं हृदय हलवून मारा चुकवायचा असतो. म्हणजे बोटं लागतातच. शत्रूचं नाव पिवळं झालं की मर्सी (शत्रूला सोडून देण्याचा पर्याय) लागू पडते. एवढं सांगा आणि थांबा. या गेमबद्दलचा प्रत्येक जादा शब्द नुकसान करतो.

हात चालवायला आवडणाऱ्याला 'हेडीस' (२०२०). मरणं हा कथा पुढे सरकण्याचा मार्ग आहे, हे आधी कळलं तर पहिल्या दहा मरणांचा त्रास होत नाही. गॉड मोड चालू केला की इजा २० टक्के कमी होते आणि प्रत्येक मरणानंतर आणखी २ टक्के, ८० टक्क्यांपर्यंत. कथा तीच राहते. टेबलावर फासे टाकून खेळणाऱ्यांसाठी 'सिटिझन स्लीपर' (२०२२) लक्षात ठेवा. रोज जास्तीत जास्त पाच फासे मिळतात आणि ते कुठे खर्चायचे हाच दिवस.

चौथी पायरी: नाव सांगण्याआधीची खातरजमा

स्टोअर पेजवर चार गोष्टी बघा: कंट्रोलरला पूर्ण आधार आहे का, समोरच्याच्या मशीनवर गेम चालतो का, अर्ली ॲक्सेसमध्ये तर नाही ना (म्हणजे गेम अजून अपुरा), आणि डेमो आहे का. हातातल्या छोट्या पडद्यावर अक्षरं किती बारीक दिसतात हे चित्रांवरून पारखा. वाचनप्रधान आरपीजी इथेच मार खातात. स्टीमवर (कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात) घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. ही मुदत समोरच्याला माहीत असू द्या. गेम नुसता उघडा ठेवून उठलं तरी तो वेळ त्यात मोजला जातो.

पाचवी पायरी: सांगायचं कसं

दहा नावांची यादी देऊ नका. यादी मिळाली की माणूस ती जपून ठेवतो आणि खेळत काहीच नाही. एक नाव द्या, फार तर एक पर्यायी. चार वाक्यं पुरतात: तुलाच का, किती वेळाचा, पहिल्या तासात काय अडेल, आणि कधी सोडून द्यावा. नमुना असा:

"तू म्हणालीस की त्याच त्या लढायांचा कंटाळा येतो, म्हणून 'चेन्ड एकोज' बघ. तीस-चाळीस तासांचा आहे. वरची पट्टी लालमध्ये जाऊ देऊ नकोस, सुरुवातीला ती जाईलच. दोन तासांनंतरही लढाया आवडल्या नाहीत तर सोड."

शेवटचं वाक्य गाळू नका. "वीस तासांनंतर खरी मजा येते" हे कोणाच्याही उपयोगाचं नाही; सोडायची मोकळीक दिली की माणूस निर्धास्तपणे सुरू करतो. कलाटण्या, शेवट, "एक पात्र येईल बघ" असले इशारेही नकोत.

सहावी पायरी: आठवड्याने विचारा

"आवडला का?" असं विचारलं तर "हो" एवढंच ऐकायला मिळतं. "कुठपर्यंत आलास?" विचारा. उत्तरात पुढच्या गेमची दिशा असते. 'स्टारड्यू'मध्ये गावकऱ्यांशीच बोलत बसलेल्याला कथा हवी आहे, त्याला 'अंडरटेल' चालेल. शेताची आखणी करण्यात रमलेल्याला 'डॉर्फरोमँटिक'. खाणीतच उतरत राहिलेल्याला 'हेडीस', गॉड मोडसकट. आणि चौथ्या दिवशीच सोडला असेल तर आधी मासेमारीबद्दल विचारा.