नंबर घराचा असतोय: दूध संस्थेच्या रजिस्टरवरून डेटाबेस शिकताना

एमसीएच्या पहिल्या वर्षी डीबीएमएस (डेटाबेस व्यवस्थापन) सुरू झालं तेव्हा विषय सोपा वाटला होता. सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर असे शब्द वापरून टेबलातली माहिती मागवायची, तीच क्वेरी. पंधरा दिवसांत प्रॅक्टिकलच्या वहीतल्या सगळ्या क्वेरी चालायला लागल्या. मग मिनी प्रोजेक्ट आलं आणि कुठली टेबलं करायची हेच सुचेना. वहीतली एम्प्लॉयी आणि डिपार्टमेंटची टेबलं कुणीतरी आधीच आखून दिलेली असतात. अवघड काम तिथं उरकलेलं असतं, आणि आपल्याला ते कळतही नाही.

यंदा कोल्हापुरात हा विषय घेणाऱ्यांना म्हणून कळकळीनं सांगते, प्रोजेक्टला लायब्ररी किंवा हॉस्पिटल असले तयार विषय घेऊ नका. ज्या रजिस्टरवर तुमच्या घरचे पैसे ठरतात, ते रजिस्टर घ्या. मी करवीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेचं घेतलं. सकाळ-संध्याकाळ संकलन, दहा दिवसांनी बिल. माझे काकाच तिथं सेक्रेटरी.

पहिल्या डिझाइनमध्ये सभासद नंबर ही सभासद टेबलाची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखायची खूण होती. संकलनाच्या टेबलात नंबर, तारीख आणि वेळ मिळून की. काकांनी कागद बघून एकच विचारलं, "गाय आणि म्हैस दोन्ही असल्यावर?" खरंच, एकाच घरातून एकाच वेळी दोन किटल्या येतात; माझ्या टेबलानं दुसरी किटली परत पाठवली असती. कीमध्ये दुधाचा प्रकार घातला.

मग त्यांनी जुनी रजिस्टरं काढली. एक नंबर आधी आजोबांच्या नावावर, ते वारल्यावर मुलाच्या, तो पुण्याला गेल्यावर सुनेच्या. मी म्हटलं, मग नाव बदलायचं, झालं. तर म्हणाले, "अगं, नंबर माणसाचा नसतोय, घराचा असतोय. आणि जुनं बिल आजोबांच्याच नावानं निघाय पायजे."

त्या वाक्यानं मला नॉर्मलायझेशन, म्हणजे माहितीची विनाकारण पुनरावृत्ती होऊ नये अशी टेबलं पाडणं, कळलं. १९७० साली आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांत मांडायची पद्धत) मांडलं, नॉर्मल फॉर्म, म्हणजे टेबलं पाडायचे नियम, त्यांच्याच कामातून आले, हे नोट्समध्ये होतंच. पण फंक्शनल डिपेंडन्सी म्हणजे "कशावरून काय ठरतं" हा साधा प्रश्न आहे, हे तिथं बसून उमगलं. नुसत्या नंबरावरून नाव ठरत नाही, नंबर आणि तारीख मिळून ठरतं. त्यामुळं तीन टेबलं झाली: खातं, व्यक्ती, आणि कुठलं खातं कुणाकडं कधीपासून कधीपर्यंत होतं ते. असे प्रश्न क्वेरी लिहून सुटत नाहीत, रजिस्टर लिहिणाऱ्या माणसाला विचारावे लागतात.

दराचंही तसंच. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) यांवरून दर काढणारं दरपत्रक मी एका टेबलात ठेवलं आणि बिल दरवेळी नव्यानं मोजत गेले. दर वाढले, आकडे बदलले, आणि मागच्या महिन्याची वाटप झालेली बिलंही वाढली! दरपत्रकाला लागू तारीख जोडली. शिवाय प्रत्येक नोंदीत त्या वेळी लागलेला दर लिहून ठेवला. मैत्रीण म्हणाली, ही तर पुनरावृत्ती झाली. मला तसं वाटत नाही. दरपत्रकातला दर हा नियम आणि नोंदीतला दर ही घडलेली गोष्ट. पुढं दरपत्रकात चूक सापडली तरी त्या दिवशी कुठल्या भावानं दूध घेतलं ते बदलत नाही.

जॉइनमध्ये, म्हणजे टेबलं एकमेकांना जोडताना, मी सर्वांत जास्त फसले. बिलातून पशुखाद्याची उचल वजा होते. मी सभासदाला संकलन आणि उचल ही दोन्ही टेबलं एकदम जोडून बेरीज घेतली. दहा दिवसांच्या २० नोंदी आणि खाद्याची ३ पोती असतील तर प्रत्येक नोंद प्रत्येक पोत्याशी जुळून ६० ओळी तयार होतात. दुधाची रक्कम तिप्पट, खाद्याची वीसपट. क्वेरी एररही देत नाही, निमूट चुकीचा आकडा देते. दोन्हीकडं ग्रुप बाय करून (सभासदवार गट पाडून) आधी वेगवेगळी बेरीज काढा, मग जोडा. उचल न घेतलेले सभासद यादीतून गळू नयेत म्हणून तिथं लेफ्ट जॉइन लागतो; त्यात जोडी नसली तरी पहिल्या टेबलाची ओळ राहते.

फॅटचं मशीन बंद असलं की नोंद नल (म्हणजे 'माहीत नाही') ठेवा, शून्य घालू नका. सरासरी काढताना नल सोडून दिला जातो. शून्य मात्र धरला जातो आणि फॅट उगाच खाली येते. नल शोधताना बरोबरचं चिन्ह चालत नाही, इज नल लिहावं लागतं.

मी एसक्यूलाइट हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर वापरलं. फुकट, सगळा डेटाबेस एका फाइलीत, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. त्यात फॉरेन कीची, म्हणजे नोंदीतला नंबर दुसऱ्या टेबलात खरंच आहे का याची, तपासणी मुळात बंद असते. डेटाबेसला जोडलं की दरवेळी प्रॅग्मा ही सेटिंगची आज्ञा देऊन ती चालू करा, नाहीतर नसलेल्या सभासदाच्या नावावरही दूध जमा होईल. त्यात डेसिमल (नेमका दशांश आकडा) असा खरा प्रकारही नाही, म्हणून रक्कम मी रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवली. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसांत डेसिमल मिळतो. फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, रुपये कधीच ठेवू नका.

ट्रान्झॅक्शन, म्हणजे जोडलेली कामं झाली तर सगळी, नाहीतर एकही नाही, हे मला वीज गेल्यावर पटलं. बिल नोंदवलं गेलं आणि उचल कमी व्हायच्या आत कॉम्प्युटर बंद पडला. त्यानंतर दोन्ही कामं बिगिन आणि कमिटच्या मध्येच.

सबमिशनच्या आधी दहा दिवसांचं एक जुनं रजिस्टर पूर्ण भरलं आणि प्रत्येक बिल काकांच्या हातच्या बिलाशी ताडून पाहिलं. एका खात्याचा मेळ बसेना. दोन दिवस माझी क्वेरी उलटसुलट तपासली, शेवटी रजिस्टर घेऊन काकांकडं गेले. त्यांनी चष्मा लावला, पान पुन्हा बेरजेला घेतलं, आणि त्या घरी जाऊन उरलेले पैसे देऊन आले.