किरकोळ जखमेवर एकदांडीचा रस : ओळख, कृती आणि मर्यादा

रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत, अगदी भिंतीच्या फटीतही उगवणारी एकदांडी, म्हणजेच दगडीपाला, ही मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील वनस्पती असून आता बहुतेक उष्ण प्रदेशांत तण म्हणून पसरली आहे. ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स हे तिचे शास्त्रीय नाव. पारंपरिक उपचारांत तिचे बरेच उपयोग सांगितले जातात. त्यांपैकी घरी करण्याजोगा मला एकच वाटतो, तो म्हणजे ताज्या, उथळ जखमेवर पानांचा रस लावणे.

आधी ओळख पक्की करावी. जमिनीलगत पसरणाऱ्या केसाळ खोडावर समोरासमोर येणारी, दातेरी कडांची, खरखरीत पाने असतात आणि त्यांतून वीतभर उंचीचा, पाने नसलेला एकच दांडा सरळ वर येऊन त्याच्या टोकाला एक फूल लागते. फुलाचा मधला भाग पिवळा असतो, भोवतीच्या मोजक्या फिकट पाकळ्यांच्या टोकांना बहुधा तीन दाते दिसतात. अशाच दातेरी पांढऱ्या पाकळ्यांची दुसरीही तणे आढळतात, पण त्यांची फुले बरीच लहान असून आखूड देठांवर अनेक येतात. फूल नसताना केवळ पानांवरून अंदाज बांधू नये.

तणनाशक फवारलेल्या, सांडपाण्याच्या किंवा जनावरे बसण्याच्या जागेवरचा पाला घेऊ नये. शेंड्याकडची आठ-दहा कोवळी पाने खुडून वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी चोळून धुवावीत, कारण त्यांवरच्या लवीत धूळ अडकून राहते. दरम्यान हात साबणाने धुऊन जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी आणि स्वच्छ कापडाने दहा मिनिटे, मध्ये उघडून न पाहता, दाबून धरावी. खरे तर रक्त थांबवण्याचे बहुतांश काम हा दाबच करतो. पाला तळहातावर चुरगाळून लावण्याची पद्धत रूढ असली, तरी उकळत्या पाण्याने धुतलेल्या खलबत्त्यात तो ठेचून, स्वच्छ फडक्यातून पिळून, हिरव्या रसाचे काही थेंबच जखमेवर सोडणे अधिक बरे; चोथा बांधून ठेवल्यास ओल आणि माती दोन्ही आत राहतात. रस सुकल्यावर वर निर्जंतुक पट्टी लावावी. उरलेला रस साठवू नये.

या वनस्पतीच्या अर्कांचे प्राण्यांवर प्रयोग झाले असून जखम भरण्याच्या दृष्टीने काहींचे निष्कर्ष अनुकूल आहेत, परंतु माणसांवरील पुरावा तोकडा आहे. त्यामुळे खोल किंवा फाटलेली जखम, भाजणे, प्राण्याचा चावा, डोळ्यांजवळची इजा किंवा मधुमेही व्यक्तीच्या पायाची जखम यांवर हा रस मुळीच लावू नये. दाब देऊनही रक्त थांबत नसेल, तर थेट दवाखाना गाठावा. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि कोणताही पाला त्यांपासून संरक्षण देत नाही, म्हणून लस वेळेवर घेतलेली असावी.

एकदांडी सूर्यफुलाच्या कुळातील आहे. गाजरगवतही त्याच कुळातले, म्हणून त्याने ज्यांच्या अंगाला खाज सुटते अशांनी एकदांडी टाळलेलीच बरी. इतरांनीही प्रथम मनगटाच्या आतल्या बाजूस, अखंड त्वचेवर, थेंबभर रस लावून दिवसभर वाट पाहावी. यकृताच्या तक्रारींवर पाल्याचा काढा पिण्याची प्रथाही आढळते, मात्र पोटात घेण्याची सुरक्षित मात्रा ठरलेली नसल्याने तो घरी करून पिऊ नये.