लष्करी अळी आणि हुमणी : ओळख कशी पटवावी, माग कसा ठेवावा

परक्या प्रदेशातून आलेली कीड सुरुवातीला थोड्या संख्येने असते आणि नेमकी तेव्हाच ती स्थानिक किडींमध्ये खपून जाते. मूळची अमेरिका खंडातली लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत, २०१८ मध्ये भारतात आणि २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात आढळली. तिचा पतंग एका रात्रीत सुमारे शंभर किलोमीटर उडू शकतो. मका हे तिचे आवडते पीक असले, तरी हिरवळीचेही ती मोठे नुकसान करते.

ओळखीसाठी वाढलेली अळी हातात घेऊन भिंगातून पाहावी. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे ठेवल्यासारखी फिकट खूण असते आणि शेपटीकडून मोजल्यास शरीराच्या दुसऱ्या खंडावर (वळ्यावर) चार ठळक काळे ठिपके चौकोनात मांडलेले असतात. दोन्ही खुणा एकत्र दिसल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. रंगावर तर मुळीच विसंबू नये, कारण तो हिरव्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत बदलतो. लहान अळ्यांवर या खुणा अस्पष्ट असतात, म्हणून तेव्हा पिकावरच्या नुकसानीवरून ओळख पटवावी लागते: पानावर कागदासारखे पातळ पांढरट चट्टे, पुढे छिद्रे आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा. विष्ठा वाळलेली असेल, तर अळी बहुधा कोषात जाण्यासाठी मातीत उतरलेली असते आणि त्या वेळी फवारणी केल्यास औषध वाया जाते.

शेताची पाहणी कडेकडेने न करता नागमोडी चालीने, पाच ठिकाणी थांबून करावी. प्रत्येक ठिकाणी सलग दहा झाडांचे पोंगे उघडून पाहावेत आणि ताजा प्रादुर्भाव असलेली झाडे मोजावीत. जोडीला कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या गंधाने पतंगांना ओढणारा सापळा, लावावा; मात्र त्यात फक्त नर पतंग येतात आणि कधी कधी दुसऱ्याच जातीचेही अडकतात, हे ध्यानात ठेवावे. पतंग येऊ लागल्याची सूचना सापळा देतो. पिकावर अळ्या किती आहेत, हे मात्र पोंगा उघडल्यावरच कळते.

हिरवळीवर पद्धत बदलते. चार लिटर पाण्यात दोन मोठे चमचे भांडी धुण्याचा द्रव साबण मिसळून सुमारे एक चौरस मीटर जागेवर ओतल्यास लपलेल्या अळ्या काही मिनिटांत वर येतात. हुमणी, म्हणजे मातीत राहून मुळे खाणारी भुंगेऱ्याची अळी, मात्र अशी वर येत नाही. पिवळ्या पडलेल्या भागाच्या कडेला, जिथे हिरवे गवत सुरू होते तिथे, तीन बाजूंनी काप देऊन गवताचा थर उलटावा आणि मुळांजवळ इंग्रजी सी आकारात वळलेल्या पांढुरक्या अळ्या मोजाव्यात. हुमणीची नेमकी जात ठरवण्यासाठी शेपटीच्या टोकाखालच्या केसांची मांडणी पाहतात: अमेरिकेत १९१६ मध्ये प्रथम आढळलेल्या जपानी भुंगेऱ्याच्या अळीत ती इंग्रजी व्ही आकाराची असते.

प्रत्येक पाहणीची तारीख, जागा, पिकाची अवस्था आणि संख्या लिहावी. काहीच सापडले नाही, तरी शून्य लिहायलाच हवे, कारण कीड कधी शिरली हे त्या शून्यांवरूनच ठरते. अनोळखी अळी सापडल्यास छायाचित्र घ्यावे, ती क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावी, म्हणजे ती काळी पडत नाही. बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घालून नमुना कृषी विभागाच्या कीटकतज्ज्ञांकडे पोहोचवावा. जिवंत अळी मात्र कुठेही नेऊ नये.