व्हिजिटिंग कार्ड घेतलं, पुढे काय?

कार्यक्रमातून परतताना खिशात वीस कार्डं आहेत आणि कोणाशी काय बोललो ते आठवत नाही, म्हणजे संध्याकाळ वाया गेली. दोन तासांत चार-पाच जणांशीच नीट बोलणं होतं. निमंत्रितांची यादी आधी मिळाली तर त्यातली तीन नावं निवडा आणि प्रत्येकाला काय विचारायचं ते ठरवून जा.

स्वतःची ओळख दोन वाक्यांत करून द्या: कोणासाठी काम करता आणि त्यांची कोणती अडचण दूर करता. ‘आम्ही सगळी सोल्युशन्स देतो’ म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि विसरतो. ‘छोट्या कारखान्यांची थकलेली बिलं वेळेवर वसूल व्हावीत, अशी व्यवस्था लावून देतो’ हे लक्षात राहतं, शिवाय त्याला ते तिसऱ्याला सांगताही येतं.

बोलणं संपलं की बाजूला जाऊन कार्डामागे तारीख, विषय आणि आपण काय कबूल केलं ते लिहा. घरी जाऊन लिहू म्हटलं की चेहऱ्यांची सरमिसळ झालीच.

२४ ते ४८ तासांत मेसेज जायला हवा. ‘नमस्कार, काल परत येणाऱ्या मालाबद्दल बोललो होतो. तुम्ही विचारलेला तक्ता पाठवतोय. तिसरा रकाना तुमच्या कामाचा आहे.’ एवढंच. त्यासोबत ब्रोशर नको आणि ‘कधी भेटू या?’ही नको; कबूल केलेली गोष्टसुद्धा मग विक्रीची वाटते.

दोघांची गाठ घालून देणार असाल तर दोघांनाही आधी वेगवेगळं विचारा. परस्पर नंबर दिला की नकार द्यायची सोय राहत नाही, आणि राग तुमच्यावर निघतो.

जुन्या, विरळ ओळखी मात्र टाकून देऊ नका. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ सालच्या प्रसिद्ध लेखात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. कारण साधं आहे: रोजच्या माणसांना जे ठाऊक असतं, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. अशा ओळखींना वर्षातून दोनदा, पण काही निमित्ताने लिहा. ‘सुप्रभात’चे फॉरवर्ड यात धरू नका.

उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा. तरीही शांतता असेल तर थांबा. सहा महिन्यांनी नवं कारण मिळालं की नव्याने लिहा, आणि त्यात जुन्या मेसेजचा उल्लेख करू नका.