जुनी गिटार, पहिल्या फ्रेटांची झणझण

स्ट्रॅट (फेंडरचं स्ट्रॅटोकास्टर मॉडेल) पद्धतीची जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. दिसायला झकास, नेक (गिटारची मान) आणि बॉडीच्या सांध्यात नख शिरेल एवढीही फट नाही, फ्रेटांची (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं हाताला कुठे टोचत नाहीत. घडण चांगली, म्हणून पैसे मोजले. पण पहिल्या चार-पाच फ्रेटांवर जाड तारा झणझणायच्या. पुढे सगळं स्वच्छ.

अशा वेळी लोक लगेच ब्रिजवरून (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) तारा उचलतात. माझ्या मते हा आजार झाकण्याचा प्रकार. मी जाड ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबली आणि सातव्या फ्रेटपाशी पाहिलं. तिथे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी. इथे तार फ्रेटला चिकटलेली! नेक मागे वाकली होती. तारा खाली दिसाव्यात म्हणून कुणीतरी ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) आवळला असणार. ॲलन कीने पाव फेरा सैल केला, पुन्हा सुरात लावून रात्रभर ठेवली. सकाळी फट दिसली, झणझण गेली. (रॉड घट्ट लागला तर जोर करू नका, सरळ कारागिराकडे न्या.)

मग इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसतं बोट टेकवून येणारा सूर) चढा येत होता, म्हणून सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे घेतलं. व्हॉल्यूमच्या नॉबची खरखर काँटॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्यात थांबली. नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) अजून बदलायचाय, बी तार त्यात अडकते.