‘संगनमत’ हा शब्द कसा वापरावा

दोन किंवा अधिक पक्षांनी वरकरणी एकमेकांचे प्रतिस्पर्धी किंवा तटस्थ असल्याचे भासवून, तिसऱ्याचे नुकसान करण्यासाठी गुपचूप केलेली हातमिळवणी म्हणजे संगनमत. नुसत्या एकमताला हा शब्द लावू नये. सोसायटीच्या सभेत सर्वांनी रंगकामाला मान्यता दिली तर ती सहमती होय, पण सचिवाने ठेकेदाराशी आधीच दर ठरवून तीन दरपत्रके एकाच्याच संगणकावर टाइप करवून घेतली असतील, तर ते संगनमत. (अशा दरपत्रकांत शुद्धलेखनाची चूकही तिन्हीकडे तीच सापडते.)

पुण्यातलेच उदाहरण घ्यायचे तर, महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांमध्ये संगनमत केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने 2018 मध्ये बोलीदारांना दंड ठोठावला होता. स्पर्धा अधिनियम, 2002 च्या कलम 3 नुसार असे करार निषिद्ध आहेत.

शब्द नपुंसकलिंगी आहे: ‘त्यांचे संगनमत उघड झाले.’ वाक्यात ‘ठेकेदाराशी संगनमत करून’ किंवा क्रियाविशेषणासारखे ‘संगनमताने’ लिहावे. फिर्यादीत ‘आरोपींनी आपापसांत संगनमत करून’ ही शब्दयोजना नेहमीच आढळते. ‘संगणमत’ हे लेखन चुकीचे असून ‘संगणक’ डोक्यात असल्यानेच ते होत असावे.

‘साटेलोटे’ जवळचा शब्द असला, तरी मुळात तो दोन घरांनी एकमेकांच्या मुली सुना करून घेण्याचा व्यवहार असल्याने, परस्परांच्या देवघेवीवर भर असेल तेव्हाच तो शोभतो.