आमदार जमिनीवर आणि पक्षावर बोलले, तर काय टिपून घ्यायचं

राजापूरला तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून मी अर्ज लिहितो. आमदारांची मुलाखत रात्री मोबाईलवर फिरली की सकाळी माझ्यापुढे रांग. "साहेब म्हणाले, कुळाच्या जमिनी मोकळ्या झाल्या. लिहा अर्ज." कुठल्या कलमाखाली लिहू म्हटलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. आमदार कुठल्याही पक्षाचा असो, त्याचं बोलणं कागदावर कसं उतरवायचं ते इथे सांगतो.

आधी क्रियापद पकडा. "मागणी केली", "विधेयक मांडलं", "अध्यादेश निघाला", "जीआर (शासन निर्णय) काढला", "कायदा झाला" या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि भाषणात त्या एकाच दमात येतात. कोकणाइतकं हे कोणाला कळायला हवं? खोती, म्हणजे खोताने गावचा सारा वसूल करायची पद्धत, रद्द करण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत मांडलं १७ सप्टेंबर १९३७ ला. पुढच्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. खोती रद्द करणारा कायदा झाला तो १९४९ चा, आणि तोही त्या विधेयकातून नव्हे. तेव्हा "मी विधेयक मांडलंय" असं ऐकलंत तर पहिला प्रश्न, शासकीय की अशासकीय? मंत्री नसलेल्या आमदाराचं असेल तर ते अशासकीय, आणि अशी विधेयकं क्वचितच पुढे सरकतात. अध्यादेश असेल तर तारीख टिपा, कारण अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपतो. जीआर असेल तर क्रमांक मागा. सरकारच्या संकेतस्थळावर तो मराठीतच मिळतो. आणि जीआर मूळ कायद्याच्या वर जात नाही, हे कचेरीतल्या लोकांनाही कधी कधी आठवण करून द्यावं लागतं.

आता कुळाच्या, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याच्या, जमिनी, कारण आमच्याकडे निम्मे अर्ज त्याचेच. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ कूळ कायद्याने मालक मानलं गेलं, त्याच कायद्याच्या कलम ३२ग खाली किंमत ठरली, ती भरल्यावर ३२म चं खरेदीचं प्रमाणपत्र मिळालं. पण सातबाऱ्यावर "कलम ४३ च्या बंधनास पात्र" असा शेरा राहिला, म्हणजे विकायला परवानगी हवी. २०१४ च्या दुरुस्तीने सांगितलं की खरेदीला दहा वर्षं उलटली असतील तर शेतसाऱ्याच्या ४० पट रक्कम भरून ही परवानगीची अट सुटते. आमदार "मोकळ्या केल्या" म्हणतात ते बहुतेक याबद्दल असतं. पण ते आपोआप होत नाही.

परवा नाटे बाजूची एक आजी सातबारा घेऊन आली. आकार, म्हणजे शेतसारा, २ रुपये ३५ पैसे. चाळीस पट म्हणजे ९४ रुपये. माझी लिहिणावळ त्याहून जास्त, म्हणून चहावर भागवलं. पण अर्ज त्या दिवशी झालाच नाही. ३२म चं प्रमाणपत्र सासऱ्याच्या नावाचं, सातबाऱ्यावर वारसांची नोंद अर्धवट, दोन पुतणे मुंबईत, एक नणंद कुठे आहे तेच ठाऊक नाही. तिला सांगितलं, आधी वारस नोंद, मग जुने फेरफार काढा, मग चाळीस पट. चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा सह्या गोळा करायच्या, आरती झाल्यावर, जेवायच्या आधी. जेवल्यावर कोणी सही करत नाही. आणि शेरा निघाला तरी घेणारा शेतकरीच लागतो, तुकडेबंदीही (ठरल्याहून लहान तुकडा विकायला मनाई) लागू राहते, हे भाषणात कोणी सांगत नाही.

"कोकणातल्या जमिनी बाहेरच्यांना विकू देणार नाही" हे वाक्य आलं की कूळ कायद्याचं कलम ६३ उघडा. ते बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घ्यायला मनाई करतं. पण ते घेणारा शेतकरी आहे का एवढंच विचारतं. तो कोकणी आहे का, हे विचारत नाही. देशावरच्या शेतकऱ्याला इथला कातळ आजही घेता येतो. तेव्हा आमदारांना विचारायचं, कलम ६३ बदलणार, की आहे तेच नीट राबवणार? दोन्हींना वेगळे कागद लागतात.

प्रकल्पाच्या सभेत "सत्तर टक्के लोकांची संमती आहे" असं म्हटलं जातं. संमतीची अशी अट २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आहे. खासगी कंपनीसाठी ८० टक्के, सरकार-खासगी भागीदारीसाठी ७०. एमआयडीसीच्या १९६१ च्या कायद्याखाली कलम ३२ ची नोटीस येते, तिथे ही टक्केवारीच नाही. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना एमआयडीसीच्या कायद्याखालची होती, ती २०१९ मध्ये रद्द झाली. म्हणून टक्केवारीवर वाद घालण्याआधी नोटीस कुठल्या कायद्याची आहे ते वाचा. वरच्याच ओळीत असतं.

पक्षाचं बोलणं तपासणं त्यामानाने सोपं. आमदार "आम्ही पक्ष विलीन केला" म्हणाले तर संविधानाची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, परिच्छेद ४ उघडा. मूळ पक्षाचं विलीनीकरण आणि त्याला विधिमंडळ पक्षातल्या, म्हणजे त्या पक्षाच्या सभागृहातल्या आमदारांच्या गटातल्या, किमान दोन तृतीयांश सदस्यांची मान्यता. दहा आमदार असतील तर सात लागतात, तीन असतील तर दोन. जे सोबत जात नाहीत, त्यांचीही आमदारकी त्याने जात नाही. पूर्वी एक तृतीयांश फुटले तरी चालायचं, ती सवलत २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने गेली. अपक्ष निवडून येऊन नंतर पक्षात गेला तर तो अपात्र, त्याला दोन तृतीयांशाचा आधार नाही.

खरा घोळ इथे आहे की मूळ पक्ष विलीन व्हायलाच हवा, की आमदारांचा आकडा पुरे? शेजारच्या गोव्यात २०१९ मध्ये काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार भाजपात गेले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२२ मध्ये आकडा ग्राह्य धरला. मला ते पटत नाही. सामाईक सातबाऱ्यावर तीन भावांपैकी दोघांनी सह्या केल्या म्हणून तिसऱ्याचा हिस्सा विकला जात नाही. पण निकाल तो निकाल. २०२२ मध्ये आपल्याकडे शिवसेनेत झालं ते विलीनीकरण नव्हतंच, तिथे पक्ष आमचाच असा दावा होता, चिन्हाचा निर्णय निवडणूक आयोगाने दिला. प्रतोद, म्हणजे आमदारांना पक्षाचा आदेश बजावणारा, विधिमंडळ पक्ष नेमत नाही, राजकीय पक्ष नेमतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला सांगितलं. आमदार कुठलाही शब्द वापरोत, त्यांनी अध्यक्षांना दिलेल्या पत्रात काय म्हटलंय ते विचारा.

सभेत विचारायचं असेल तर लांब भाषण नको. कलम कुठलं, तारीख कुठली, कागद कुठे मिळेल. उत्तर गुळमुळीत आलं तर अधिवेशनात तारांकित प्रश्न लावा अशी लेखी विनंती द्या आणि पोच घ्या. छापील उत्तर आलं की त्याची झेरॉक्स घेऊन या, अर्जाला जोडू. शनिवारी टेबल नसतं.